आबांच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर

रावेरला आमचे घरमालक रोज सकाळी आंघोळ, पूजा, चहा आणि रिव्हॉल्व्हर या क्रमानं तयार होत. क्रम कधी चुकला नाही. चहाचा कप खाली ठेवला की आबा आतल्या खोलीत जात, लोखंडी कपाटाचं कुलूप वाजे आणि बाहेर येताना त्यांचा सदरा एका बाजूनं फुगलेला असे. मग ओट्यावर उभे राहून ते मला विचारत, "सायेब, दिसून राहिलं का?"

"दिसतंय की."

"हं. दिसलं तं तो सावध व्हईन. अन् नही दिसलं तं त्याले भेव कायचं वाटीन?" एवढं बोलून ते पुन्हा आत जात आणि पट्टा इकडचा तिकडे करून येत. हा प्रश्न त्यांना जन्मभर सुटला नाही.

'तो' म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. गाव त्याला नाना म्हणे. आबांचं डोकं ताळ्यावर असलं तर ते 'नान्या' म्हणत, एरवी नुसतं 'तो'. दोघांची घरं एकाच गल्लीत, शेतं एकाच रस्त्याला, विहीर दोघांत एक. आणि मधे हे रिव्हॉल्व्हर.

मी मूळचा धुळ्याचा, वीज मंडळात नोकरीला. ऐंशी सालानंतर कधीतरी रावेरला बदली झाली आणि आबांच्या घरामागच्या दोन खोल्या मिळाल्या. पुढे रिव्हॉल्व्हर घरात आलं, त्याच्या दुसऱ्याच सकाळी माझी बायको अंगणात धुणं वाळत घालायला गेली आणि किंचाळत परत आली. आबा पपईच्या झाडासमोर उभे राहून कमरेचं रिव्हॉल्व्हर झटक्यात बाहेर काढायची तालीम करत होते. "रिकामं हाये, सूनबाई," ते दारात येऊन म्हणाले, "तुम्ही आपलं धुनं वाळू घाला." मला त्याच दिवशी खोली बदलायची होती. बदलली नाही, कारण रावेरला तेव्हा खोल्या मिळत नव्हत्या आणि गल्लीत नळाला पाणी होतं ते आबांच्याकडेच.

हे सगळं सुरू झालं केळीपासून. त्या भागात दुष्मनी काढायची एक जुनी रीत आहे. माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही, त्याची उभी केळी कापायची. वर्षभर पोरासारखा वाढवलेला बाग, घड लागलेले, कापणीला थोडे दिवस उरलेले, आणि सकाळी जाऊन बघावं तर सगळी झाडं कोयत्यानं कमरेतून तोडून आडवी टाकलेली. आबांचा बाग असा गेला. मी तो पाहिला नाही, माझ्या येण्याआधीची गोष्ट. पण अक्का, म्हणजे आबांची बायको, सांगायच्या की त्या सकाळी आबा वावरातून आले ते पायापासून गुडघ्यापर्यंत केळीच्या चिकानं काळे झालेले होते आणि दोन दिवस त्यांनी पाय धुवू दिले नाहीत.

त्याच्या आधल्याच आठवड्यात विहिरीवर पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं वाजलं होतं आणि नाना रागाच्या भरात बोलून गेले होते, "पाहतोच तुही केळी कशी घरात येते ते." भांडणात माणूस काय वाटेल ते बोलतो. पण बोलायला आणि बाग आडवा व्हायला एकच गाठ पडली. पोलीस आले, पंचनामा झाला, शाबीत काहीच झालं नाही. आबांचे आणखी दोन-तीन हाडवैरी होते, कामावरून हाकललेला एक गडी होता, पण आबांनी तिकडे बघितलंच नाही. "केळीचं खोड न् मानसाची मान, कोयत्याले फरक नही, सायेब," असं ते म्हणत. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी मला संताप यायचा. माझी बायको म्हणे, "संताप कशाला करता, त्यांच्या डोळ्यांकडे बघा." बघितलं की संताप उतरायचा.

एक गोष्ट मात्र मी शपथेवर सांगतो. आबांना नानांना मारायचं नव्हतं. मारणाऱ्याचे डोळे मी नंतर नोकरीत, वीजचोरी पकडताना अंगावर आलेल्या माणसांत पाहिलेत, ते वेगळे असतात. आबांना एवढंच हवं होतं की भावाशेजारी पुन्हा मांडीला मांडी लावून बसावं आणि बसताना मागे वळून बघावं लागू नये. रिव्हॉल्व्हर असलं की भीती जाईल आणि भीती गेली की नान्याशी बोलता येईल, असं त्यांचं सरळ गणित होतं. उलटं गणित, पण ते त्यांना सांगायचं कोणी?

अक्कांनी सांगून पाहिलं. अक्का लग्न होऊन आल्या तेव्हा सासू नव्हती आणि नाना उघडे-नागडे अंगणात फिरत होते. "मी न्हाऊ घालेल पोर हाये ते," त्या मला म्हणाल्या होत्या. "त्याच्या नाकाचा शेंबूड मी पुसला. अन् हे त्याले भेऊन राहिले." मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि मला चहा विचारला.

लायसन मिळायला आबांनी वर्षानुवर्षं जळगावच्या कचेरीत खेटे घातले. ते हातात आलं त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. पेढे कशाचे हे विचारायची हिंमत कोणाला झाली नाही. नानांच्या घरीही ताट गेलं, हे विशेष. अक्कांनी आपल्या वाटचा पेढा गाईला घातला.

दुकानात जाताना त्यांनी मला बरोबर घेतलं. ज्याला विजेच्या तारांचं कळतं त्याला बंदुकीचंही कळणार, असा त्यांचा समज. जळगावचा तो दुकानदार म्हातारा होता, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं मऊ. त्यानं आबांचं धोतर, टोपी, पायातल्या चपला बघून सल्ला दिला, "शेतासाठी असेल तर दुनळी बंदूक न्या, पाटील. रानडुकरं नुसत्या बारानं पळतात."

"डुक्कर वावरात येते, शेठ. भाऊ घरात येतो. घरात दुनळी फिरवता येते का?"

दुकानदारानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

त्यानं दोन नग काढून ठेवले. दोन्ही जुने, विलायती, कोणाकोणाच्या हातून आलेले. एक चपटं पिस्तूल, गोळ्या त्याच्या मुठीच्या दांडीत भरायच्या. दुसरं आखूड नळीचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, मधे पोट सुटलेलं. रोज जवळ बाळगायचं तर चपटं घ्या, अंगाला चिकटून राहतं, सदऱ्याखाली कळत नाही, असं तो सांगत होता. सल्ला शहाणपणाचा होता. आबांनी चपटं हातात घेतलं, उलटं केलं, कानाशी धरून हलवलं आणि खाली ठेवलं.

"हे नको. मुकं हाये. याच्या पोटात काय हाये ते बाहेरून समजत नही." मग त्यांनी दुसरं उचललं, त्याचं चाक बाहेर काढून सहाही रिकामी भोकं उजेडाकडे धरली. "याचं पोट उघडून पाहता येते. मानसाचं असं पाहता आलं असतं तं मले आठी दुकानात येन्याचं कामच नव्हतं."

मला वाटलं, झालं, आता निघू. पण आबांनी चपला काढल्या आणि दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसले. रिकामं रिव्हॉल्व्हर धोतराच्या कमरेला खोचलं, समोर पत्रावळ आहे असं समजून वाकले, घास घेतला, आणि एकदम हात कमरेकडे नेला. तसं पाच-सहा वेळा केलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं होतं, तेही बघत उभं राहिलं.

"अडकते," आबा म्हणाले. "अन् वरन-भाताचा हात खरकटा राह्यते. बोट सटकीन."

"जेवताना कोण काढतो, पाटील?" दुकानदार कळवळून म्हणाला.

"जेवतानाच तं मानूस बेसावध राह्यते, शेठ."

परत येताना गाडीत ते खिडकी सोडून डब्याच्या टोकाला, पाठ लाकडी फळीला लावून बसले. मांडीवर खोकं. भुसावळ गेल्यावर हळूच म्हणाले, "आता बरं वाटून राहिलं." मला खरंच वाटलं की गेली असेल भीती. घरी पोचेपर्यंत ते दोनदा उठून दुसऱ्या बाकावर बसले.

खरा घोळ पुढे झाला, ते कमरेला लावायचं कशात यावरून. चष्म्याचं घर असतं तसं त्याचंही घर लागतं. दुकानातून आलेलं कव्हर कडक चामड्याचं, पट्ट्यात ओवून उजव्या कुशीवर लटकवायचं. धोतरावर तो पट्टा बांधला की आबा कलेक्टर कचेरीतल्या पट्टेवाल्यासारखे दिसत. मग साठीच्या घरात आलेल्या आबांनी आयुष्यात पहिल्यांदा पँट शिवली. गावात चार दिवस तीच चर्चा. पँट घालून ते बाजारात निघाले की पोरं मागून चालत आणि आबांना वाटे, पोरांना त्यानं पाठवलं आहे.

पँट गेली, धोतर परत आलं, आणि काखेत अडकवायचं कव्हर आलं. खांद्यावरून दोन पट्टे, वरून सदरा. रावेरचा उन्हाळा ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. वैशाखात त्यांच्या काखेत, पाठीवर घामोळ्यांचा मळा फुलला. अक्का रोज दुपारी त्यांच्या पाठीला चंदन उगाळून लावत. आबा म्हणत, "अंगावर आग झाली तरी चालीन. हात सदऱ्यात घातला तं लोकायले वाटीन खाजवून राहिला. कोनाले संशय येनार नही."

शेवटी गावातल्या चांभाराकडून त्यांनी एक मऊ कव्हर करून घेतलं, डावीकडे उजवीकडे कुठंही सरकवता येईल असं. कारणही ऐका. वावरात जाताना नानांचं शेत डाव्या अंगाला लागे आणि येताना उजव्या. म्हणून जाताना आबा ते एका कुशीवर ठेवत, वावरातल्या लिंबाखाली थांबून पट्टा सोडत, दुसऱ्या कुशीवर बांधत आणि मग परत फिरत. एकदा मी लाइनच्या कामाला तिकडे गेलो असताना हे पाहिलं. पलीकडच्या बांधावर नाना उभे होते. तेही पाहत होते. आबांचा पट्टा बांधून होईपर्यंत ते तसेच थांबले आणि मग पाठ फिरवून पंपाकडे गेले. पाठ फिरवली, ही गोष्ट मी आबांच्या लक्षात आणून दिली. "नाटक हाये," आबा म्हणाले.

लोक हळूहळू दूर झाले. न्हाव्याच्या दुकानात आबांच्या अंगावर कापड टाकलं की त्यांचा उजवा हात कापडाखाली जाई. हात कुठे आहे हे न्हाव्याला माहीत. एकदा त्याचा वस्तरा सटकला आणि आबांच्या गालावर चांगलीच चीर पडली. आबांनी त्या न्हाव्याकडे जाणं सोडलं, त्याला कोणीतरी फूस लावली म्हणून. हॉटेलात ते भिंतीला पाठ लावून बसत, आणि भिंतीकडची जागा गेलेली असली तर उभ्यानं चहा पीत. लग्नात आहेर करून निघून येत. मुलगी जामनेरला दिली होती, ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायची बंद झाली. जावयानं निरोप पाठवला, घरात भरलेलं हत्यार असताना नातवंडं पाठवणार नाही. आबा म्हणाले, "त्यानं जावयाचे कान भरले." अक्कांनी त्या वर्षी अंगणातला आखाजीचा झोका बांधला नाही.

माझी आई धुळ्याहून महिनाभर राहायला आली होती. तिनं चार दिवस आबांना पाहिलं आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "येले कोनी मारावं नही रे बाळा, हाऊ भ्याईसनच मरी जाई." म्हणजे हा भिऊनच मरेल; आई अशीच बोलायची. मी तिला गप्प केलं, पण मनातून मलाही तेच वाटत होतं.

निवडणुका आल्या की लायसनची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागत. आबांच्या दृष्टीनं तो सुतकाचा काळ. फडक्यात गुंडाळून रिव्हॉल्व्हर देऊन येत आणि घरात बसत. खिडक्या बंद. एका निवडणुकीत केळीला पाणी द्यायला कोणी नाही म्हणून मीच म्हटलं, आबा, उन्हाचा तडाखा आहे, बाग जाईल. तेव्हा ते बाहेर पडले, कमरेच्या कव्हरात पंपाचा पाना घालून. वजन तेवढंच हवं, म्हणाले, त्याला कळायला नको. गावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं होतं. आणि इतक्या निवडणुका झाल्या, इतके आठवडे आबा बिनहत्याराचे राहिले, नानांनी एकदाही त्यांच्या उंबऱ्याकडे वाकडी नजर केली नाही. हे मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "तो निवडनुकीत नही करनार. पोलीस राह्यते ना गावात." अशा माणसापुढे काय डोकं फोडणार?

आता ती कानबाईची गोष्ट सांगतो.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. तिचा रोट असतो. भाऊबंदकीत जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते एकत्र दळायचे आणि त्या पिठाचं सगळ्या भाऊबंदांनी एकत्र बसून खायचं. बाहेरच्याला रोटाचा कण देत नाहीत. उष्टा टाकत नाहीत, पानातला संपवूनच उठायचं. केळी कापली गेल्यापासून आबांनी आपल्या नावाची मूठ वेगळी काढली होती. घरात ते आणि अक्का दोघंच रोट खात. कानबाईचा रोट फुटणं हे त्या लोकांत फार वाईट समजतात. कोणाचं पोर आजारी पडलं तरी भाऊबंद आबांच्या दाराकडे बघायचे.

त्या वर्षी नाना स्वतः आले. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. नाना अंगणात उभे राहिले, सदऱ्याची वरची गुंडी उघडी, हात मोकळे, दोन्ही तळवे पुढं केलेले. त्यांच्या मिशा तेव्हा पिकल्या होत्या.

"दादा, यंदा कानबाई माझ्याकडे हाये. तुझ्या नावाची मूठ घेतली मी. तू ये."

आबा दारात उभे. हात कमरेवर.

"दादा, मी नही तोडली तुही केळी. कानबाईची आन."

"मंग कोनं तोडली?"

"मले मालूम असतं तं मी त्याचे हात नसते का तोडले?"

आतून अक्का आल्या, नानांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला आणि तिथंच भिंतीला टेकून बसल्या. आबांचे ओठ हलत होते. मग ते म्हणाले, "येतो."

अक्कांनी त्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक केला. आम्हालाही ताट आलं. आबांना इतकं हलकं मी कधी पाहिलं नव्हतं. ते चक्क विनोद करत होते. पण रविवार जवळ आला तसे ते पुन्हा खोलीच्या आत-बाहेर करू लागले. शनिवारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "सायेब, कानबाईम्होरं चामडं चालत नही."

मला वाटलं, आबांनीच वाट काढली. म्हटलं, "बरोबर आहे आबा. मग ठेवा कपाटात."

"हो," ते म्हणाले. मी निश्चिंत झालो.

रविवारी संध्याकाळी नानांच्या घरी दिवे लागले. कानबाईच्या नारळाला नथ, डोळे, हिरवी साडी. भाऊबंदांची पंगत मधल्या घरात, आणि मी बाहेरचा म्हणून ओसरीवर, पण दार उघडं होतं, सगळं दिसत होतं. आबा आले. नवं धोतर, नवा सदरा. त्यांना पाहून बायकांनी डोक्यावरचे पदर सावरले आणि कोणीतरी कानबाईचं गाणं उंच आवाजात सुरू केलं. त्यांच्या घराण्यात दोन सख्ख्या भावांचं पान एकच मांडतात. तसं एक पान मांडलं होतं. नाना आधी मोठ्या भावाच्या पाया पडले. आबांनी त्यांना उठवलं आणि नानांनी तिथंच आबांना मिठी मारली. लहान पोर मारतं तशी, दोन्ही हात कमरेभोवती टाकून.

आणि त्यांचे हात तिथंच थांबले.

नाना मागे सरकले. त्यांनी आबांच्या सदऱ्याकडे पाहिलं, मग कानबाईकडे, मग आबांकडे.

"दादा, आठी, कानबाईम्होरं बी?"

आबा घाईघाईनं म्हणाले, "चामडं नही रे नान्या. कापडाचं हाये. कालच शिवून घेतलं टेलरकडून. नवं, कोरं कापड हाये. इटाळ नही." आणि ते दाखवायला सदरा वर करू लागले.

नानांनी त्यांचा हात धरून सदरा खाली केला. ते पानावर बसले. आबाही बसले. रोट टाकता येत नाही, म्हणून नाना खाली मान घालून जेवले. पानाच्या आपल्या बाजूचा सगळा रोट त्यांनी संपवला, बोटानं कण टिपून घेतले, हात धुतले आणि मागच्या दारानं अंगणात निघून गेले. आबा अर्ध्या पानासमोर एकटेच बसले होते. त्यांना बिचाऱ्यांना आपलं काय चुकलं तेच कळत नव्हतं. ते शेजारच्या भाऊबंदाला दबक्या आवाजात सांगत होते की कापड आहे, हात लावून पाहा.

त्यानंतर नाना आबांशी एक शब्दही बोलले नाहीत. रस्त्यात समोर आले तर बाजूला होऊन वाट देत. आबा मला पुढे वर्षभर विचारत राहिले, "सायेब, शास्त्रात चामड्याचा इटाळ हाये. लोखंडाचा नही. कानबाईम्होरं विळा चालते, सुरी चालते. मंग?" पहिल्यांदा मी समजावलं. दुसऱ्यांदा समजावलं. मग नुसतं ऐकू लागलो. अक्कांनी मात्र त्या दिवसापासून त्यांच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. त्या लवकर गेल्या. आजार काही मोठा नव्हता. नवऱ्याच्या कमरेकडे बघत बघत म्हातारं व्हायचं त्यांच्यानं झालं नाही, असं माझी बायको म्हणते आणि मला ते पटतं.

पुढे माझी दीपनगरला बदली झाली. रावेरला जाणं कमी झालं. जेव्हा गेलो तेव्हा आबा ओट्यावर एकटे बसलेले दिसत, पाठ भिंतीला, सदरा एका बाजूनं फुगलेला. रिव्हॉल्व्हर आता त्यांच्या अंगाला जड झालं होतं. चालताना ते त्या बाजूला झुकत. "विकून टाका आबा," मी म्हटलं. "विकू कोनाले?" ते म्हणाले. "घेनारा माझ्यावरच नही उचलनार कायवरून?"

नाना गेल्याचा निरोप मला ऑफिसात मिळाला. विहिरीवर पंप सुरू करायला वाकले आणि तिथंच कोसळले, हृदयविकार. मी पहिली गाडी पकडली. पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती आणि गल्लीत माणसं मावत नव्हती. पुढं नानांचा थोरला मुलगा, ओल्या धोतरात, हातात मडकं.

आबा आपल्या घरातून निघाले. म्हातारा माणूस, उघड्या पायांनी. गर्दीनं त्यांना वाट दिली, पण प्रत्येकाची नजर आधी त्यांच्या कमरेवर गेली. इतक्या वर्षांची सवय ती. आबा तिरडीच्या डाव्या दांड्याशी आले आणि खांदा द्यायला वाकले.

"आबा," पुतण्या म्हणाला, आवाज मुळीच न चढवता, "तुम्ही मांगून या."

आबा तसेच वाकलेले राहिले. मग ताठ झाले. त्यांनी दोन्ही हातांनी सदरा छातीपर्यंत वर उचलला. कमरेला काही नव्हतं. चामडं नाही, कापड नाही, पट्टा नाही. नुसतं म्हातारं पोट आणि धोतराची गाठ. ते एका जागी गोल फिरले, चारी बाजूंना दिसावं म्हणून.

"नही आनलं. पाहा ना रे. नही आनलं मी. पाहा."

कोणी पाहत नव्हतं. माणसांनी माना खाली घातल्या होत्या. चौघांनी तिरडी उचलली आणि गल्ली पुढं सरकली. मागं राहिलेल्या बायका दारातून आत गेल्या. आबा सदरा वर धरून फिरतच होते. मी जाऊन त्यांचे हात धरले, सदरा खाली ओढला आणि त्यांना ओट्यावर आणून बसवलं. त्या दिवशी त्यांनी भिंत शोधली नाही. रस्त्याकडे तोंड करून, पाठ उघडी टाकून ते बसले, आणि टेकडीकडच्या वळणावर लोकांच्या टोप्या दिसेनाशा झाल्यावर मला म्हणाले, "सायेब, नान्या असता तं त्यानं पाह्यलं असतं."